चाळीस पानांची बारा पानं : फ्रीलान्स लेखन आणि सल्लागारीचं काम कसं उभं करायचं

मी माहितीपुस्तिका लिहिते. यंत्र विकत घेतलं की खोक्याच्या तळाशी जी पुस्तिका निघते आणि जी सहसा कुणी उघडत नाही, ती. अकरा वर्षं नोकरीत हेच केलं, गेली नऊ वर्षं स्वतंत्रपणे करतेय. आता माझं निम्मं उत्पन्न लिहिण्यातून येतं आणि निम्मं ‘हे लिहू नका’ असं सांगण्यातून. हे दुसरं निम्मं कसं आलं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

स्वतंत्र काम सुरू केल्याच्या दुसऱ्या वर्षी घरी रक्तदाब मोजायच्या यंत्राची चाळीस पानी पुस्तिका ‘जरा सोपी’ करून द्यायचं काम आलं. दर शब्दावर ठरला होता. बैठकीत मी सहज विचारलं, “लोक तुम्हाला फोन करून काय विचारतात?” समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच सांगता येईना. मग मी फोन घेणाऱ्या मुलींच्या शेजारी दोन दिवस खुर्ची टाकून बसले आणि मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी चाळल्या. फोन येत होते ते मुख्यतः एकाच गोष्टीसाठी : पडद्यावर ‘त्रुटी ३’ दिसते आणि यंत्र थांबतं. पुस्तिकेत त्याचं उत्तर पान ३१ वर होतं : ‘वायुदाब अपुरा असल्यास जोडणीची तपासणी करावी.’ फोनवरची मुलगी मात्र प्रत्येकाला एकच सांगायची, “काका, ती रबरी नळी काढा आणि परत घट्ट बसवा.” काकांचं यंत्र सुरू व्हायचं.

मी तिचंच वाक्य उचललं. यंत्रावर चिकटवायची एक पट्टी लिहिली : “‘त्रुटी ३’ दिसतेय? रबरी नळी काढा, पुन्हा शेवटपर्यंत आत दाबा आणि परत सुरू करा.” चौदा शब्द. पुस्तिका चाळीसवरून बारा पानांवर आली. त्या एका तक्रारीचे फोन जवळपास थांबले, असं पुढे त्यांच्याकडूनच कळलं. आणि माझं बिल? शब्दांवर ठरलेलं असल्यामुळे अपेक्षेच्या जेमतेम तीस टक्के झालं. काम जितकं चांगलं केलं, तितके पैसे कमी. बिल पाठवल्यावर मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. त्यांनी फसवलं नव्हतं. मीच चुकीच्या वस्तूवर किंमत लावली होती.

तेव्हापासून मी प्रश्नांचे पैसे घेते. मजकूर त्यानंतर येतो, कधी कधी येतच नाही.

कुणासाठी लिहिता, हे एका वाक्यात

‘मी सगळ्या प्रकारचं लिहिते’ हे वाक्य पहिल्या सहा महिन्यांत मीही खूपदा वापरलं. त्यावर समोरचा “वा, छान” म्हणतो आणि विसरून जातो, कारण कुठलं काम आलं की तुमची आठवण काढायची हेच त्याला कळलेलं नसतं. आता माझं वाक्य असं आहे : यंत्र वापरणाऱ्या, पण यंत्रातलं काही न कळणाऱ्या माणसासाठी मी लिहिते.

तुमचं वाक्य शोधायला फार लांब जायला नको. आधीच्या नोकरीत, शिक्षणात, घरच्या व्यवसायात ज्या विषयाची भाषा कानावर पडून अंगवळणी पडली, तिथून सुरू करा. बँकेत दहा वर्षं काढलेल्या माणसाने प्रवासवर्णनं लिहून पोट भरायचं ठरवलं तर माझी ना नाही, पण कर्जाच्या अटी साध्या भाषेत समजावणारे लेखक फार थोडे असतात आणि ते काम त्याला झोपेतही जमेल. प्रवासवर्णनं रविवारी लिहावीत.

वाक्य जमलं की नमुने तयार करा. क्लायंट नसेल तरी अडत नाही. कुठलाही सार्वजनिक अर्ज, सूचनापत्रक, पुस्तिकेचं एखादं पान घ्या, पुन्हा लिहा, आणि सोबत पाच-सहा ओळींत सांगा की काय बदललं आणि का. ही ‘का’ची ओळ फार महत्त्वाची. नुसतं छान लिहिणारे खूप आहेत. आपण असं का लिहिलं हे सांगू शकणारा माणूस पुढे सल्लागार म्हणून बोलावला जातो. असे तीन नमुने पुरतात. मी सुरुवातीला बावीस जोडले होते, बहुधा कुणीच चौथ्याच्या पुढे गेलं नसावं. नोकरीत केलेलं अंतर्गत काम मात्र परवानगीशिवाय दाखवू नका. दुसऱ्याचं गुपित तुम्ही दाखवताय हे बघणाऱ्या क्लायंटला पहिल्यांदा स्वतःची गुपितं आठवतात.

पहिली कामं

पहिली तीन कामं मला जुन्या सहकाऱ्यांमुळे मिळाली. पुढची पत्रं पाठवून. वर्षभरात साठ पत्रं गेली, नऊ उत्तरं आली, त्यातली तीन कामं झाली. हे प्रमाण ऐकून नव्या मंडळींचा चेहरा उतरतो, पण त्या तिघांपैकी दोघांचं काम आजही माझ्याकडे आहे.

पत्रात स्वतःचं कौतुक दोन ओळींच्या वर नको. त्यापेक्षा त्यांच्या मजकुरातली एक अडचण दाखवा, तीही सभ्यपणे. मी असं लिहायचे : “तुमच्या पुस्तिकेत बॅटरी बदलायची कृती पान १८ वर आहे आणि बॅटरी संपल्याची खूण पान ५ वर. ज्याची बॅटरी संपली आहे त्याला ही दोन पानं एकत्र लागतात. ती जोडून कशी दिसतील याचा एक नमुना सोबत ठेवला आहे.” उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण. मग तीन महिने गप्प. काम देणाऱ्या संकेतस्थळांवर मी थोडा काळ काढला. हात बसायला ठीक आहे, पण तिथे सगळ्यांत स्वस्त कोण यावर निवड होते आणि ती शर्यत जिंकून हाती काही लागत नाही.

नोकरी कधी सोडायची हे सगळेच विचारतात. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून. मी चार महिन्यांवर उडी मारली. पाचव्या महिन्यात जे काम घेऊ नये असं पोटात वाटत होतं तेच घेतलं, कारण पर्याय नव्हता. त्याची गोष्ट पुढे येईलच.

पहिल्या बैठकीत काय विचारायचं

इथे घाई करू नका. माझ्याकडे एक वही आहे, तिच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे ते काय मागतात ते, उजवीकडे त्यांना कशाची गरज दिसते ते. बैठक संपेपर्यंत दोन्ही रकाने सारखेच राहिले तर काम लेखनाचं आहे. फार वेगळे निघाले तर सल्ल्याचं, आणि तसं मी तिथेच सांगते.

पहिला प्रश्न नेहमी वाचणाऱ्याबद्दल. पण ‘तुमचा वाचक कोण’ असं विचारलं की ‘सर्वसामान्य ग्राहक’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून मी विचारते : हे वाचताना तो उभा असतो की बसलेला? हात मोकळे असतात का? घाबरलेला असतो का? चष्मा हाताशी असतो का? हे ऐकून लोक हसतात, मग विचारात पडतात. दुसरा प्रश्न : वाचून झाल्यावर त्याने काय करायला हवं? तिसरा : आज तो काय करतो? या दोहोंमधलं अंतर म्हणजे तुमचं काम. चौथा प्रश्न विचारायला मी फार उशिरा शिकले : या मजकुरावर शेवटची सही कुणाची?

या चौथ्यावर माझं एकदा चांगलंच घोडं अडलं होतं. तिसरा खर्डा पक्का झाला, सगळ्यांनी “मस्त” म्हटलं, आणि मग तो कायदा विभागाकडे गेला. त्यांचं अस्तित्व मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. परत आला तेव्हा माझ्या प्रत्येक साध्या वाक्याला ‘तथापि’ आणि ‘उपरोक्त’ची शेपूट लागली होती. त्यांची चूक नव्हती, त्यांच्या भीती खऱ्या होत्या. पण त्या मला पहिल्या दिवशी कळल्या असत्या तर दोन आठवडे वाचले असते. आता सही करणारा माणूस पहिल्या किंवा दुसऱ्या बैठकीला असावा अशी अट घालते. तो अर्धा तासच येतो, पण तेवढं पुरतं.

‘सोपं’ म्हणजे काय यावरूनही वाद होतात. एकाला वाटतं सोपं म्हणजे बालबोध, दुसऱ्याला वाटतं छोटं. इथे मला २०२३ मध्ये आलेल्या आयएसओ २४४९५-१ या सुबोध भाषेच्या आंतरराष्ट्रीय मानकाची मदत होते. त्याचा गाभा चार कसोट्यांत आहे : वाचकाला हवं ते मजकुरात आहे का, ते त्याला सापडतं का, सापडलेलं कळतं का, आणि कळलेलं वापरता येतं का. पान ३१ वरचं ते ‘वायुदाब अपुरा असल्यास’ या कसोट्यांवर लावून बघा. हवं ते होतं, पण सापडत नव्हतं, सापडलं तरी कळत नव्हतं. बैठकीत या चार कसोट्या फळ्यावर लिहिल्या की ‘मला हा शब्द आवडत नाही’ छापाची चर्चा आपोआप कमी होते.

किंमत कशी ठरवायची

इथे बहुतेक जण लाजतात. भीड भिकेची बहीण, ही म्हण फ्रीलान्सरच्या टेबलावर चिकटवून ठेवावी अशी आहे.

हिशोब करू. वर्षाचे ३६५ दिवस, शनिवार-रविवारचे १०४ गेले, राहिले २६१. सुट्ट्या, आजारपण, घरची कामं यांचे पंचवीस काढा : २३६. नवे लोक वर्षाला लागणारी रक्कम या २३६ ने भागतात आणि खूश होतात, आपला रोजचा दर किती परवडणारा! पण पत्रं लिहिणं, बैठका, बिलं, वसुली, शिकणं, संगणक बिघडणं याचे पैसे कोण देतं? मी पहिल्या पूर्ण वर्षी नोंद ठेवली होती. २३६ पैकी बिलात गेलेले दिवस निघाले १०९. निम्म्याहूनही कमी. म्हणून स्वतःच्या वर्षाचा खर्च, कर, बचत आणि कामाची साधनं सगळं धरून जी रक्कम येते ती साधारण ११० ने भागा. जो आकडा येईल तो बघून धक्का बसतो. तोच तुमचा खरा दर आहे. आणि हा आकडा तळाचा. कामाने समोरच्याचं बरंच काही वाचणार असेल तर त्याच्या वर जायला हरकत नाही.

आता कामाला किती दिवस लागतील? इथे माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतःवर तर मुळीच नको. कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, याला डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ‘प्लॅनिंग फॅलसी’, म्हणजे नियोजनातला भ्रम, म्हटलं. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. अंदाज सरासरी ३३.९ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले ५५.५. आणि ‘सगळंच बिघडलं तर किती लागतील’ याचं उत्तरसुद्धा ४८.६ दिवस होतं. म्हणजे अगदी काळजी करूनही माणूस कमीच पडतो. मी माझ्या अंदाजाला सरळ दीडने गुणते. पहिल्यांदाच करत असलेलं काम असेल तर दोनने.

दिवस गुणिले दर, एवढी एक ठोक रक्कम सांगा. शब्दांवर दर फक्त तिथे घ्या जिथे प्रश्न विचारायला वावच नाही, उदाहरणार्थ एखाद्या नियतकालिकाचा ठरलेल्या लांबीचा लेख. आणि रक्कम सांगताना ताकाला जाऊन भांडं लपवू नका. “साधारण एवढे होतील, पण आपण बघू, काही कमी-जास्त…” असं मी बोलायचे. आता आकडा सांगते आणि गप्प बसते. ती शांतता पहिल्या काही वेळा जीवघेणी वाटते. समोरचा म्हणाला, “मॅडम, एवढं बजेट नाही,” तर दर कमी करत नाही, काम कमी करते : “मग आपण पहिली दहा पानंच करू.” दर एकदा खाली आणला की पुढच्या वेळी तोच मूळ दर ठरतो.

कागदावर घ्या

पाचव्या महिन्यातल्या त्या कामाची गोष्ट ही. तोंडी बोलणं, ओळखीतून आलेले लोक, अर्धे पैसे आधी आणि अर्धे ‘छापून आल्यावर’. मी काम वेळेत दिलं. मग त्यांनी ते यंत्रच बाजारात आणायचं रद्द केलं. छापून येण्याचा प्रश्न उरला नाही, म्हणून पैशांचाही नाही. अकरा महिने मी अधूनमधून हसरे ई-मेल पाठवत होते. शेवटी सोडून दिलं.

तेव्हापासून माझा एक पानी करार आहे. वकिली भाषेतला नाही, ई-मेलसारखाच. कामाचा भाग असा असतो :

“मी एक पुस्तिका लिहून देईन, लांबी जास्तीत जास्त सोळा पानं. यात तुमच्या दोन तज्ज्ञांशी प्रत्येकी एक तास बोलणं, पहिला खर्डा आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरल्या आहेत. चित्रं, मांडणी आणि भाषांतर यात नाही. प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या सूचना एकाच फाइलमध्ये, एकाच व्यक्तीकडून याव्यात. तिसरी फेरी लागली तर दिवसाच्या दराने वेगळं बिल होईल.”

‘एकाच फाइलमध्ये, एकाच व्यक्तीकडून’ हे शब्द मला सोन्याचे वाटतात. एकदा चार जणांच्या चार फाइली आल्या होत्या. एकाने जो परिच्छेद काढला होता त्याच परिच्छेदाची दुसऱ्याने स्तुती केली होती. त्यांच्यातला वाद मी का सोडवायचा? ते त्यांनी आपापसात मिटवून पाठवावं.

पैशांचा भाग : निम्मी रक्कम काम सुरू होताना, पाव पहिल्या खर्ड्यावर, पाव अंतिम मजकूर दिल्यापासून तीस दिवसांत, ‘मग तो छापला जावो वा न जावो’. काम मध्येच थांबवलं तर तोवरच्या टप्प्याचे पैसे आणि उरलेल्याच्या काही टक्के. ते किती, हे आधीच लिहा.

हक्कांबद्दल एक ओळ हवीच. १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात सामील असलेल्या देशांमध्ये लेखनाचा हक्क नोंदणी न करताही लेखकाकडे येतो, कल्पनेवर मात्र तसा हक्क नसतो, फक्त तिच्या मांडणीवर. नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा नियम वेगळा असू शकतो, आणि बारकावे देशागणिक बदलतात, तेव्हा आपल्याकडचा नियम जाणकाराला विचारून घ्या. मी लिहिते : “पूर्ण रक्कम मिळाल्यावर मजकुराचे हक्क तुमच्याकडे येतील.” या वाक्याने वसुलीला जेवढी मदत झाली तेवढी माझ्या कुठल्याच हसऱ्या ई-मेलने झाली नव्हती.

थकलेल्या बिलाला ई-मेल कसा लिहायचा? मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, लेखा विभागाला, कामाच्या माणसाला प्रत ठेवून : “बिल क्रमांक अमुक, मुदत काल संपली. पैसे कोणत्या तारखेला जमा होतील ते कळवा.” ‘कधी जमेल’ असं विचारू नका, तारीख मागा. माफी मागू नका. ‘त्रास देते आहे’ हे शब्द खोडा.

सल्ल्याचं काम वेगळं विका

त्या रक्तदाबाच्या यंत्रानंतर मी ‘तपासणी’ नावाचं एक छोटं काम वेगळं ठेवलं. पाच दिवसांचं, ठोक रकमेचं. त्यात मी आधीचा मजकूर वाचते, फोनच्या किंवा तक्रारींच्या नोंदी बघते, पाच वाचकांना तो मजकूर वापरायला देते आणि चार पानी अहवाल लिहिते. पाचच का? वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलेला हिशोब असा की पाच जणांच्या चाचणीत वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. त्यानंतर तेच तेच दिसू लागतं. हा काही निसर्गनियम नाही. वाचक फार वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर प्रत्येक प्रकारचे थोडे घ्यावे लागतात. पण शून्य जणांवर तपासण्यापेक्षा पाच जण कितीतरी बरे, आणि बहुतेक ठिकाणी आकडा शून्यच असतो.

चाचणीचा एकच नियम : तोंड बंद ठेवायचं. एका आजींना मी पुस्तिका आणि यंत्र दिलं होतं. ‘पट्टा हृदयाच्या पातळीवर ठेवा’ हे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग दंडावर बांधलेला पट्टा सोडला, दोन्ही हातांनी उचलला आणि छातीवर धरला, अगदी डाव्या बाजूला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “असं?” मला हसू आलं नाही, घाम फुटला. ते वाक्य मीच लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी ते असं झालं : “हात टेबलावर टेकवा. पट्टा दंडावरच राहू द्या. तो छातीच्या उंचीला आला आहे का बघा. खाली असेल तर हाताखाली उशी घ्या.” पहिल्या वाक्यात चार शब्द होते, नव्यात त्याच्या पाचपट. सोपं म्हणजे छोटं, असं म्हणणाऱ्यांना मी ही दोन वाक्यं दाखवते.

काही क्लायंट वाचनसुलभतेचा गुण मागतात, एखाद्या सॉफ्टवेअरने काढलेला. रुडॉल्फ फ्लेश यांचं १९४८ चं सूत्र त्यात बरेचदा वापरलेलं असतं. ते वाक्यातले शब्द आणि शब्दातल्या अक्षरावयवांची (सिलॅबल्सची) संख्या मोजतं, आणि ते इंग्रजीसाठी बेतलेलं आहे. आजींना फसवणारं माझं वाक्य अशा कुठल्याही मोजणीत उत्तम ठरलं असतं.

अहवालाचं पहिलं पान सही करणाऱ्या माणसासाठी. त्यात तीनच गोष्टी : वाचक कुठे अडतात, त्याने तुमचं काय नुकसान होतं, आधी काय बदलायचं. बाकी तीन पानं हाताने काम करणाऱ्यांसाठी, जागेवरच्या दुरुस्त्यांसह. आणि शेवटी मी एक यादी देते : यातलं काय तुमच्या तुम्हाला जमेल. नवखे सल्लागार इथे कचरतात, आपल्याच पायावर धोंडा कशाला? माझा अनुभव उलटा आहे. ज्यांना मी ‘यासाठी माझी गरज नाही’ असं लिहून दिलं, तेच वर्षा-दोन वर्षांनी मोठं काम घेऊन आले.

कधी कधी उत्तर लेखनात नसतंच. नळी नीट बसते की नाही हे दिसतच नसेल तर नळीचं टोक बदलायला हवं, असंही मी लिहिते. इंजिनिअर मंडळी आधी रागावतात.

यंत्राने लिहिलेला मजकूर

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसमोर आलं. पुढच्या वर्षभरात माझी शब्दांवर बिल होणारी उरलीसुरली कामं गेली : उत्पादनांची वर्णनं, ठराविक साच्याचे लेख. प्रश्नांची कामं टिकली, थोडी वाढलीही, कारण आता चकचकीत आणि चुकीच्या मजकुराची तपासणीही लोक करून घेतात. मी स्वतः खर्ड्यातली विसंगती शोधायला अशी साधनं वापरते, आणि तसं करारात लिहिते. क्लायंटचे अंतर्गत कागद मात्र त्यांच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही साधनात टाकत नाही. आणि त्याने सांगितलेली प्रत्येक वस्तुस्थिती मुळातून पडताळते, कारण खोटंही ते साधन खऱ्याच्याच सुरात बोलतं.

रोजचं काम, आणि त्यात मन रमणं

लिहिणं सकाळी, फोन आणि बैठका दुपारी. फ्रांचेस्को सिरिलो यांची पोमोदोरो पद्धत (घंटी लावून पंचवीस मिनिटं काम, मग छोटी विश्रांती) बिलं आणि पत्रांसाठी छान चालते. लिहिताना मात्र घंटी वाजली की माझा धागा तुटतो, म्हणून तिथे वापरत नाही. कुठल्याही एका क्लायंटकडून एक तृतीयांशाहून जास्त उत्पन्न येऊ लागलं की मी दुसरीकडे पत्रं पाठवायला सुरुवात करते, कितीही भला माणूस असला तरी. माझा दर मी वर्षातून एकदा वाढवते, दोन महिने आधी कळवून, कारणांची यादी न देता.

एकटेपणाचं कुणी सांगत नाही. नोकरीत चुकलं तर शेजारच्या टेबलावरून कुणीतरी “अगं, हे काय लिहिलंस?” म्हणायचं. ती जागा भरून काढायला मी आणि आणखी एक लेखिका दर शुक्रवारी तासभर फोनवर एकमेकींचं एक पान वाचतो. ती औषधांच्या माहितीपत्रकांवर काम करते, मला त्यातलं फारसं कळत नाही, आणि म्हणूनच ती मला वाचायला देते.

नको असलेलं काम नाकारायला मी तीन ओळींचं उत्तर तयार ठेवलं आहे : “विचारल्याबद्दल आभार. हे काम माझ्या हातून चांगलं होणार नाही. अशा कामासाठी कुणाकडे जावं हे हवं असेल तर सुचवते.” पहिल्या वर्षी हे पाठवताना हात थरथरायचा.

माझ्या हिशोबाच्या वहीत प्रत्येक कामापुढे चार रकाने आहेत : दिवस, पैसे, पुन्हा बोलावलं का, आणि शेवटचा ‘सोमवार’. त्या कामाच्या काळात सोमवारी सकाळी टेबलावर बसावंसं वाटायचं का, याला तिथे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी हे सगळं सलग वाचते. रक्तदाबाच्या यंत्रापुढे दिवस एकोणीस, पैसे सगळ्यांत कमी, आणि सोमवार ‘हो’. मागच्या डिसेंबरात दिसलं की कंपन्यांचे वार्षिक अहवाल हे माझं सर्वांत जास्त पैसे देणारं काम, आणि त्यापुढे चारही वर्षं ‘नाही’. जानेवारीत त्यांना ते तीन ओळींचं उत्तर गेलं. रिकाम्या झालेल्या सव्वीस दिवसांत पाच तपासण्या बसतात. आतापर्यंत तीन भरल्यात.